बरी झालेली बाई

चंदीगडच्या सेक्टर बावीसच्या बाजारात, कपड्यांच्या दुकानांसमोरच्या लांब व्हरांड्यात, मेंदीवाल्यांच्या रांगेपुढे लाल प्लास्टिकच्या स्टुलावर सुनंदाताई पाठमोऱ्या बसल्या होत्या. प्रतिमा जागच्या जागी थांबली. मागून येणारी एक बाई तिच्यावर आदळली आणि "देख के, भैणजी" म्हणत पुढे गेली. करवा चौथ तोंडावर आली होती. सगळा बाजार बायकांनी, बांगड्यांनी आणि मेंदीच्या ओल्या वासाने भरून गेला होता, आणि त्या गर्दीत ते केस होते. काळे, जाड, टोकाशी आत वळलेले. उजव्या कानामागे एक बट बाकीच्यांपेक्षा आखूड. आता ताई मान वळवतील आणि "आलीस का गं, कधीची बसलेय मी" म्हणतील, असं तिला वाटलं. नुसतं वाटलं नाही, तिने मनात उत्तरही तयार केलं, की राउंड लांबला, ताई. मग आठवलं. सुनंदाताई मागच्या थंडीत गेल्या होत्या. त्या दिवशी धुकं इतकं होतं की शववाहिकेच्या ड्रायव्हरला पंचकुल्याची वाट दिसत नव्हती, आणि गाडीत त्यांच्या नवऱ्याच्या, वामनरावांच्या शेजारी प्रतिमाच बसली होती.

असं तिला अधूनमधून व्हायचं. हॉस्पिटलात तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर इंग्रजीत लांबलचक हुद्दा होता. त्याचा अर्थ एवढाच, की कॅन्सरचं निदान झालेल्या बाईचा हात पहिल्या दिवशी धरायचा आणि शेवटपर्यंत सोडायचा नाही. डॉक्टरांना दोन मिनिटं मिळत. त्या दोन मिनिटांत बाईच्या कानात पहिलाच शब्द शिरे आणि पुढचं काही ऐकूच येत नसे. ते पुढचं सगळं प्रतिमाने सांगायचं. कुठलं स्कॅन उपाशीपोटी, कुठलं नाही. किती ताप आला की कुणालाही न विचारता धावत यायचं. तोंड आलं तर काय खायचं. केस कधी गळतील आणि सासूला काय सांगायचं. बाया बऱ्या होत, मिठाई घेऊन येत, लेकीच्या लग्नाची पत्रिका देत. काही होत नसत. या शहराचे सेक्टर तिला आकड्यांनी कधी लक्षात राहिले नाहीत, बायांनी राहिले. सगळे चौक सारखे, सगळ्या विटा सारख्या, झाडंही रांगेत लावलेली. अशा गावात गेलेलं माणूस कुठल्याही वळणावर उभं असल्यासारखं वाटतं. बसमधून जाताना ती म्हणायची, इथे त्या शाळेतल्या बाई राहायच्या, इथे ती दुधाची डेअरीवाली. तिचा नवरा विजयकुमार केंद्र सरकारच्या ऑडिटमध्ये होता आणि त्याच्या बदलीपायी मिरजेहून हे बिऱ्हाड इथे आलं होतं. तो हसून म्हणायचा, "अगं, इथे जिवंत माणसंही राहतात बरं का, मी त्यातलाच एक." तीही हसायची. पण आज हसू येण्यासारखं काही नव्हतं, कारण एव्हाना ते केस कुणाच्या डोक्यावर आहेत ते तिला कळलं होतं. ती ऋजुता होती. आज सकाळी ऋजुताचा केमोचा डोस होता, आणि ऋजुता आली नव्हती.

सकाळभर प्रतिमाने खिडकीजवळची खुर्ची तिच्यासाठी अडवून ठेवली होती. फोन वाजत राहिला. मग बंद लागला. दुपारी खुर्ची दुसऱ्या बाईला द्यावी लागली आणि प्रतिमाने तिच्या हाताला सुई लावताना पहिल्यांदाच शीर चुकवली. ऋजुता सत्तावीस-अठ्ठावीसची, मोहालीत सॉफ्टवेअर कंपनीत, दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी. आई नव्हती. वडील साताऱ्याहून पहिल्या डोसला येऊन गेले होते आणि जाताना प्रतिमासमोर हात जोडून उभे राहिले होते. "ताई, इथं आमचं कुणी नाही," एवढंच म्हणाले होते. छातीतली गाठ औषधाला चांगली वळत होती. मऊ पडली होती, लहान झाली होती. आणखी काही डोस आणि मग ऑपरेशन. डॉक्टर परवाच म्हणाले होते की ही मुलगी आता मध्ये थांबता कामा नये. एखादा दिवस मागेपुढे चालेल, पण सोडून दिलं तर जे मिळवलंय ते सगळं जाईल आणि पुन्हा मिळणार नाही. आणि ही इथे बसून हातावर मेंदी काढून घेत होती.

प्रतिमा पुढे जाऊन तिच्यासमोर उभी राहिली. ऋजुताने वर पाहिलं. पळून जायचं म्हटलं तरी पळता आलं नसतं. दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले, ओले, पुढे धरलेले.

"करवा चौथ कधीपासून धरायला लागलीस?" प्रतिमा म्हणाली. तिला खरं म्हणजे ओरडायचं होतं. पण इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून थट्टाच बाहेर पडली.

"नखं काळी पडलीत," ऋजुता म्हणाली. "शिरापण. ऑफिसमध्ये सगळे बघतात. म्हटलं, मेंदीत लपेल."

"मेंदी उद्याही काढता आली असती. डोस आज होता."

मेंदीवाल्याने शेवटचं टोक ओढलं, "सुखा लो जी, दो घंटे," म्हणाला आणि पुढच्या बाईचा हात हातात घेतला. ऋजुताच्या पर्समधून प्रतिमानेच पैसे काढून दिले. उठताना तिचा तोल गेला, तसं प्रतिमाने तिला दंडाला धरलं. दोघी गर्दीतून बाहेर पडून मागच्या बाजूला आल्या. तिथे एका सातविणीखाली चहाची टपरी होती. या दिवसांत सगळ्या चंदीगडभर सातवीण फुलते आणि संध्याकाळ झाली की तिचा गोड, जड वास अंगावर येतो. सुनंदाताईंना तो वास सोसायचा नाही. डोस घेऊन निघाल्या की गाडीच्या काचा वर करून घ्यायच्या आणि म्हणायच्या, सरकारला दुसरं झाड मिळालं नाही का गं. प्रतिमाने दोन चहा सांगितले आणि ऋजुताचा कप स्वतःच धरून तिच्या ओठांशी नेला. एक घोट पिऊन ऋजुताने मान बाजूला केली. त्या झटक्याने केस किंचित सरकले आणि कपाळाच्या वर पांढुरकी कातडी दिसली. तिचे हात सवयीने वर गेले आणि ओल्या मेंदीमुळे तसेच थांबले. प्रतिमाने कप खाली ठेवला, दोन्ही तळव्यांनी केस नीट बसवले, आखूड बट कानामागे सारली. तिच्या बोटांना ते केस पाठ होते. त्यांना इतकं पाठ असावं याची तिला या क्षणी भीती वाटली.

"हे कुणाचे आहेत, ते मला कळलं," ऋजुता म्हणाली.

वॉर्डाच्या कोपऱ्यात प्रतिमाचं एक कपाट होतं. त्यात विग असायचे. ज्या बाया बऱ्या होत, ज्यांचे स्वतःचे केस परत येत, त्या आपला विग आणून देत. प्रतिमा तो शाम्पूने धुवी, उलट्या पातेल्यावर वाळवी आणि पुढच्या बाईला देई. देताना ती गोष्ट सांगायची. हे एका पोलिसाच्या बायकोचे, बरी झाली, आता वेणी घालते. हे एका प्रोफेसर बाईंचे. नव्या बाईला केसांपेक्षा ती गोष्ट जास्त लागायची, हे तिला पहिल्या वर्षीच उमगलं होतं. आपल्या आधी या वाटेने कुणीतरी गेलं आणि पलीकडे पोचलं, एवढंच तिला डोक्यावर घालून घरी न्यायचं असे. सुनंदाताईंचा विग मात्र त्यांच्या स्वतःच्याच केसांचा होता. कमरेएवढे केस होते त्यांचे. पहिल्या डोसच्या आधी प्रतिमाच म्हणाली होती की गळून न्हाणीत जाण्यापेक्षा कापून ठेवू या. आणि याच बाजारातल्या एका विगवाल्याने ते बांधून दिले होते. कापताना त्याची कात्री एके ठिकाणी जास्त गेली, तीच ती बट. सुनंदाताई हसून म्हणाल्या होत्या, जाऊ दे, तेवढी खूण राहील. नंतर त्या बऱ्या झाल्या. खरंच बऱ्या झाल्या. डोक्यावर मऊ, कुरळी, करड्या रंगाची लव आली आणि एके दिवशी त्या डब्यात भाजणीच्या चकल्या आणि पिशवीत आपले केस घेऊन वॉर्डात आल्या. म्हणाल्या, "घे. आणि आपल्याकडची कुणी मुलगी आली तर तिला दे. या पंजाबणींच्या गोऱ्या तोंडांना नाही जायचे हे." त्या घरी गेल्या आणि प्रतिमाने केस कपाटात सगळ्यात खाली ठेवले. मग कितीतरी बाया आल्या आणि दुसरे विग घेऊन गेल्या. ते केस तिने कुणाला दाखवलेच नाहीत. सुनंदाताई गेल्यानंतर तर ती कधीकधी कपाट उघडून नुसती बघायची आणि बंद करायची. या श्रावणात ऋजुता आली, मिळेल तो विग घालून बघून नाक मुरडत बसली, "हे सगळे कसे सिरियलमधल्या बायकांसारखे दिसतात, यार," असं मराठीत म्हणाली, आणि प्रतिमाचा हात आपोआप खालच्या कप्प्याकडे गेला. तिला दिलेला शब्द पाळायचा होता. आणि खरं सांगायचं तर तिला ते केस पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर हलताना बघायचे होते. शहरात मराठी माणसं ती किती, चार घरं सोडून पाचवं ओळखीचं, आणि मराठी मुलगी आज ना उद्या त्यांच्यात जाणारच, एवढा साधा विचार तिच्या मनात आला नाही.

"महाराष्ट्र मंडळाची कोजागिरी होती पंचकुल्यात, एकांच्या गच्चीवर," ऋजुता सांगत होती. हात तसेच पुढे, जणू कुणाकडून काही घ्यायचं आहे. "मला जायचंच नव्हतं. पण म्हटलं, चार मराठी शब्द कानावर पडतील. मी कठड्याशी उभी होते. मागून कुणीतरी म्हणालं, 'वळू नकोस, बाळ. थोडा वेळ अशीच उभी राहशील का?' मला आधी वाटलं, असेल कुणी चक्रम म्हातारा. पण आवाज असा होता ना, की मी नाही वळले. हातातलं दूध गार होईस्तोवर उभी राहिले. मग ते म्हणाले, 'झालं. जा आता.' वळले तर ते रडत होते, अगदी गुपचूप. नंतर एका काकूंनी सगळं सांगितलं. त्यांची बायको. तुमचीच पेशंट. माझाच आजार."

प्रतिमाच्या डोळ्यांपुढे वामनराव आले. रिटायर झाल्यावर परत गावी न जाता पंचकुल्यातच राहिलेले, कारण बायकोचे डॉक्टर इथे होते. आणि आता बायको नव्हती तरी राहिलेले. त्या गच्चीवर त्यांनी काय पाहिलं असेल ते तिला नीट कळत होतं. मघाशी तिनेही तेच पाहिलं होतं.

"तुम्ही मला म्हणालात, बाई बरी झाली आणि केस देऊन गेली."

"झाली होती बरी."

"ताई, प्लीज."

"खोटं नाही सांगितलं मी. बऱ्या होऊन, स्वतः चालत येऊन त्यांनी ते दिले."

"आणि पुढे?" ऋजुताचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मधेच थांबलात ना तुम्ही? मग मला जे जे सांगितलंत त्यात कुठे कुठे थांबलात? गाठ लहान झालीय म्हणालात, ते तरी पुरतं आहे की त्याच्याही पुढे काहीतरी आहे? काल दिवसभर मी हेच करत होते. तुमचं एकेक वाक्य आठवायचं आणि त्याच्यापुढे नक्की काय असेल ते शोधायचं. आता मला तुमचं काहीच खरं वाटत नाही. तुमच्या हातून सुई टोचून घ्यायची तर काहीतरी खरं वाटायला नको?"

प्रतिमाला उत्तर ठाऊक होतं. अशा वेळी काय बोलायचं ते तिला पाठ होतं, आणि तिने सांगितलं असतं तर ऋजुताने बहुधा मानलंही असतं. सुनंदाताईंचं प्रकरण वेगळं होतं. त्या उशिरा आल्या. त्यांनी एक डोस चुकवला, बघ, म्हणून सांगते. यातलं शेवटचं तर रामबाण होतं. मुलगी उद्या सकाळी धावत आली असती. वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. पण सुनंदाताईंनी एकही डोस चुकवला नव्हता. ताप असला तरी यायच्या, मोसंबी घेऊन यायच्या, शेजारच्या खुर्चीतल्या बायांना धीर द्यायच्या. त्यांनी सगळं जसं सांगितलं तसं केलं होतं, आणि तरी त्या गेल्या. हे असं आहे हे प्रतिमा कुठल्याही बाईला सांगत नसे. आणि न सांगण्यामागे तिची सवय होती त्याहून मोठं एक कारण होतं.

आजार परत आला तेव्हा तिनेच त्यांना विचारलं होतं, ताई, तुमचे केस ठेवलेत मी, आणू का? सुनंदाताई खाटेवर पडून खिडकीबाहेर बघत होत्या. "नको," त्या म्हणाल्या. "दिलेलं परत घेत नाहीत." मग बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "तू बायांना माझी गोष्ट सांगतेस ना? बरी झाली म्हणून?" प्रतिमाने मान हलवली. "तेवढीच सांगत जा. पुढचं सांगू नकोस. घरात सगळे माझ्याकडे आजारी म्हणूनच बघतात, हे तर माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघतात. तेवढी एक जागा असू दे मला. तिथे मी बरी आहे." प्रतिमाने त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला होता. आणि त्यानंतर तिने ती गोष्ट वॉर्डातल्या कितीतरी बायांना सांगितली, नाव न घेता, केस न दाखवता. प्रत्येक वेळी सुनंदाताई डबा आणि पिशवी घेऊन दारातून आत यायच्या, डोक्यावर मऊ लव, आणि गोष्ट संपली की तशाच हसत निघून जायच्या. त्या मरायच्या नाहीत. शब्द दिला म्हणून ती हे सांगत होती, की त्या याव्यात म्हणून सांगत होती, हे प्रतिमाला स्वतःलाच आता ठरवता आलं नसतं. आणि ही पोर, हातावर ओली मेंदी घेऊन समोर बसलेली, नेमकं तेच दार बंद कर म्हणत होती. ताई, काय करू मी, असं तिने मनात विचारलं. टपरीवाल्याने दिवा लावला. समोरच्या स्टुलावरच्या मुलीचे वडील साताऱ्याला होते आणि इथे तिचं कुणी नव्हतं.

"नाव सुनंदा," प्रतिमा म्हणाली. "त्या उशिरा नाही आल्या. तुझ्यासारख्याच आल्या, तेवढीच गाठ. एकही डोस चुकवला नाही. ऑपरेशन नीट झालं. बऱ्या झाल्या, केस दिले, ते सगळं खरं आहे. मग खोकला धरला. आम्हाला वाटलं, थंडीचा आहे. यकृतात आलं होतं, फुप्फुसातही. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. नंतरच्या औषधांनी काही झालं नाही. शेवटी त्यांना भात नको, पाणी नको. आईची फार आठवण काढायच्या. मला म्हणाल्या, भीती वाटते गं. मी म्हटलं, मी आहे. तर म्हणाल्या, तू आहेस ते ठीक, पण मी नसणार ना. सकाळी धुक्यात गेल्या. मीच होते जवळ."

ती बोलत असताना तिला स्पष्ट जाणवलं की कुणीतरी जात आहे. वॉर्डाच्या दारातून डबा घेऊन येणारी बाई थांबली आणि पुढे आलीच नाही. प्रतिमाला रडू फुटलं. एवढ्या वर्षांत पेशंटसमोर ती कधी रडली नव्हती. तो तिचा नियम होता आणि त्याचा तिला थोडा गर्वही होता. ऋजुताही रडत होती आणि तिला डोळे पुसता येत नव्हते. प्रतिमाने आपल्या ओढणीने आधी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे. टपरीवाला त्यांच्याकडे बघून दुसरीकडे बघायला लागला. बाजारातून कुणाच्या तरी लाऊडस्पीकरवर बांगड्यांचे भाव पुकारणारा आवाज येत होता.

"मग मी कशाला येऊ?" ऋजुताने विचारलं. "त्यांनी सगळं केलं ना?"

"केलं."

"मग?"

"मग काही नाही. न करणाऱ्या जास्त जातात, करणाऱ्या जास्त राहतात. एवढंच आहे आमच्याजवळ. तू कुठल्या बाजूला, ते मला माहीत नाही."

"मी बरी होईन असं वाटतं तुम्हाला? खरं सांगा."

"वाटतं," प्रतिमा म्हणाली. "डॉक्टरांनाही वाटतं. गाठ लहान झालीय ते पुरतं आहे, त्याच्यापुढे काही नाही. पण सुनंदाताईंच्या वेळीही मला वाटलं होतं."

ऋजुताने आपल्या हातांकडे पाहिलं. मेंदीचा वरचा थर सुकून तडकायला लागला होता. प्रतिमाने गार चहा टाकून दिला आणि दुसरा सांगितला नाही. तिला वाटत होतं, आपण दोघींनाही घालवलं. जिला शब्द दिला तिला आणि जिला वाचवायचं तिलाही. ऋजुता उठली, म्हणाली, "मला रिक्षात बसवून द्या. माझे हात..." प्रतिमाने तिला बसस्टँडच्या तोंडाशी ऑटोत बसवलं, पर्स मांडीवर ठेवली, केसांवरून ओढणी घेऊन दिली. मागून बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण ऑटो वळेपर्यंत ती बघत राहिली. मग पाठच्या गल्लीतून घरी गेली. मुलाने, अथर्वने, दार उघडलं आणि "मम्मा, खाने में क्या है?" विचारलं. तिला एकदम त्याच्यावर ओरडावंसं वाटलं की घरात तरी मराठी बोल, पण ती ओरडली नाही. रात्रभर तिला नीट झोप लागली नाही. उठून बसली की वाटायचं, आता सुनंदाताई कुठे असतील? आधी त्यांना एक जागा होती.

सकाळी वॉर्ड उघडताना तिने खिडकीजवळच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली. पहिल्या बाया आल्या. पंचकुल्याहून एक नवीन आजी आली होती, सुनेबरोबर. पहिलाच डोस, चेहरा भीतीने आवळलेला, ओढणीचं टोक बोटांत गच्च. प्रतिमा तिला समजावत होती, पण कान दाराकडे होते. दार कितीतरी वेळा उघडलं. वॉर्डबॉय आला, औषधांची गाडी आली, कुणाचा तरी नवरा चप्पल विसरली म्हणून परत आला. आणि मग ऋजुता आली. पुढे येऊन तिने खुर्चीवरची पिशवी उचलून प्रतिमाच्या हातात दिली आणि बसली. हातावरची मेंदी गडद रंगली होती. प्रतिमाने तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला, तशी ती म्हणाली, "आजपासून माझ्याशी गोड बोलायचं नाही. पुढचं जे असेल ते सांगायचं. पक्का?"

"पक्का," प्रतिमा म्हणाली. स्टूल ओढून ती तिच्यासमोर बसली आणि रंगलेल्या हातावर बोटाने शीर शोधायला लागली. मेंदीखाली ती दिसत नव्हती, चाचपूनच मिळाली. सुई जाताना ऋजुताने डोळे मिटले नाहीत. औषध सुरू झालं. थोड्या वेळाने तिच्या कपाळावर घाम आला, आणि वॉर्डभर बाया बसलेल्या असताना, जे तिने आजपर्यंत आरशासमोरसुद्धा टाळलं होतं ते केलं. दुसरा हात वर नेऊन केस काढले आणि प्रतिमाच्या मांडीवर ठेवले. उघडं डोकं खुर्चीला टेकवलं. पलीकडच्या खुर्चीतली आजी टक लावून बघत होती. तिची नजर त्या डोक्यावरून प्रतिमाच्या मांडीकडे आली आणि तिथेच राहिली.

"पुत्तर," तिने चाचरत विचारलं, "ये बाल... तेरे अपने हैं?"

"नहीं आंटी. किसी और के थे. उन्होंने दिए."

"और वो? वो कैसी है अब?"

प्रतिमाला काहीतरी बोलायला हवं होतं, बोलणं तिचं काम होतं, पण कालच्यानंतर तिच्याजवळ त्या बाईंविषयी बोलायला काही उरलं नव्हतं. तिने ऋजुताकडे पाहिलं. ऋजुता तिच्याकडेच बघत होती. मग तिने मान आजीकडे वळवली.

"ठीक हो गई, आंटी," ती म्हणाली. "चलके आई, अपने हाथ से दे के गई."

आजीच्या हातातलं ओढणीचं टोक सुटलं. प्रतिमाने मान वर केली नाही. मांडीवरचे केस गरम होते.